एवढं शिकून पोरगा घरी बसलाय, आता काय करू?

जळगावात समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारे कितीतरी आईवडील खुर्चीत टेकता टेकताच हे बोलतात, फक्त गाव बदलतं, कधी चोपडा, कधी शिरपूर, कधी शहादा. म्हणून ही एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मुलगा सव्वीसचा, इंजिनिअर, पुण्यात स्पर्धा परीक्षा करून परत आलेला, यावलकडे केळीची शेती. वडिलांना सगळे नाना म्हणतात. नाना आल्या आल्या म्हणाले, "मॅडम, पोऱ्या दिनभर खोलीमा ऱ्हास, कोनसंगे बोलत नही." मुलाचं पालुपद एकच, मी वाया गेलो, बापाचे पैसे बुडवले.

मी नुसता धीर देत बसत नाही. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांची, माणूस घटनेपेक्षा तिच्या अर्थाने जास्त खचतो असं मानणारी, त्यामुळे मी त्याला हिशोबच विचारला.

"तुझ्या वर्गात साधारण किती होते?"
"साठ."
"आपल्या फील्डमध्ये किती लागले?"
"दहाबारा असतील."
"मग बाकीचे वाया गेले?"
"नाही हो मॅडम, त्यात आमचा टॉपर पण आहे."
"त्याला का नाही मिळाली नोकरी?"
"जागाच कुठे आहेत..." आणि तो थांबला. मीपण गप्प राहिले, अशा वेळी बोललं की सगळं वाया जातं हे मला अनुभवाने पक्कं कळलंय.

टॉपरला लावलेला नियम स्वतःला लावायला त्याला बऱ्याच भेटी लागल्या. मी त्याला आकडे पण दाखवले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या अहवालात २०२२ साली देशातल्या तरुण पदवीधरांमधली बेरोजगारी २९.१ टक्के आणि लिहितावाचता न येणाऱ्या तरुणांमधली ३.४ टक्के. याचा अर्थ शिकून चूक केली असा नाही, गरिबाला मिळेल ती मजुरी करावीच लागते आणि पदवीवाला घरच्या भाकरीवर वाट बघू शकतो, शिवाय ज्ञानावर चालणारी अर्थव्यवस्था म्हणून आपण जिचं कौतुक करतो त्या आयटीत २०२४ साली देशभर मिळून ५४ लाखांच्या आसपास लोक, आणि काम करणारे ५० कोटींच्या वर. त्यानेच मग विचारलं, विप्रो तर १९४५ ला आपल्या अमळनेरात तेलाच्या कारखान्यातून सुरू झाली, मग सॉफ्टवेअरचं काम पुण्या-बंगळुरूलाच का? प्रश्न विचारणारा मुलगा खोलीत कोंडून घेणाऱ्या मुलापेक्षा बरा असतो, मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

खरी गाठ मात्र नानांकडे होती. मी त्यांना एकट्यांना बोलावलं.
"नाना, भाव पडला म्हणून केळीचे घड बांधावर फेकावे लागले, असं कधी झालं?"
"झालं ना."
"मग त्या वर्षी तुम्ही शेतकरी म्हणून नालायक ठरलात?"
"कसा काय? माल एक नंबर होता. भाव तिकडे बऱ्हाणपूरला ठरतो, माझ्या हातात काय?"
मी काहीच बोलले नाही. नाना बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले, मग म्हणाले, "मी पोराला रोज फेकलेला माल म्हणत होतो."

घरी जाऊन ते मुलाशी काय बोलले मला माहीत नाही. पण पुढच्या भेटीला मुलगा एकटा एसटीने आला.

आता पालकांना सांगते. रोज "फॉर्मचं काय झालं" विचारू नका, आठवड्यातून एकदा ठरवून विचारा. परीक्षा द्यायची असेल तर शेवटची तारीख पोराने स्वतः ठरवू दे आणि सोबत कमाईचं काहीतरी काम हवंच, पगार लाजिरवाणा वाटला तरी. घराबाहेर जायला रोजची वेळ हवी. लग्नाचा विषय काही महिने बंद, पाहुण्यांसमोर तर अजिबात नाही. आणि मुलांनो, सगळा दोष सिस्टीमचा म्हणून हात बांधून बसणं हीपण खोलीच आहे, त्यातूनही बाहेर यावं लागतं.

हा मुलगा आता ठिबकच्या ऑटोमेशनचं काम शिकतोय, पगार पुण्याच्या मानाने कमीच, त्याबद्दल तो अजून चिडतो आणि त्याचं चिडणं बरोबर आहे.

पोरगं "जगून काय उपयोग" असं बोलायला लागलं तर मात्र वाट बघू नका, त्याला एकटं सोडू नका, सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.