वाचकांचे प्रश्न : गोंदाचा खलनायक

प्रश्न : अमेरिकी कॉमिक्समध्ये गोंद फवारणारा एक खलनायक होता, असे ऐकले. असल्या पात्राला कोण घाबरणार?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : आपण म्हणता तो ‘पेस्ट-पॉट पीट’, अर्थात पीटर पेट्रुस्की. मार्व्हल या प्रकाशनसंस्थेच्या ‘स्ट्रेंज टेल्स’ या कॉमिकच्या १०४व्या अंकात, १९६३ साली, तो अंगातून आग फेकणाऱ्या ‘ह्यूमन टॉर्च’ या नायकाविरुद्ध प्रथम अवतरला. हातात गोंद फेकणारी बंदूक, सोबत गोंदाचे भांडे. तमाशाची पत्रके डकवणाऱ्या आपल्याकडच्या माणसाच्या खळीच्या डब्याची आठवण व्हावी, असाच तो सरंजाम होता. तरीही त्याला केवळ हास्यास्पद ठरवणे मला अन्यायाचे वाटते, कारण तो मुळात कसबी रसायनज्ञ आहे. १९६४ च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स’च्या सहाव्या अंकात खलनायक बॅरन झेमोच्या, तोवरच्या कोणत्याही उपायाने न सुटणाऱ्या चिकटद्रव्याने त्या नावाच्या संघातल्या नायकांना जखडले, तेव्हा ते विरघळवण्याचा तोडगा त्यांना तुरुंगातल्या याच पीटकडून मिळाला. पुढे तो ‘फँटास्टिक फोर’ या ह्यूमन टॉर्चच्या संघाच्या शत्रूंच्या चौकडीत सामील झाला आणि १९६५ मध्ये त्याने ‘ट्रॅपस्टर’ हे नाव घेतले. शत्रूला न मारता जागीच खिळवून ठेवणारे त्याचे शस्त्र मला तरी आगीइतकेच धास्तीचे वाटते.