पालकांचे प्रश्न : खेळ संपतो कधी?

प्रश्न : माझा मुलगा दहा वर्षांचा आहे आणि पाचवीत शिकतो. आम्ही राजारामपुरीत राहतो. यंदा बेंदराला माझ्या सासूबाईंनी कुंभार गल्लीत जाऊन मातीची बैलजोडी हौसेने आणली. मुलाने मोबाइलवरून नजर उचलून तिच्याकडे एकदा पाहिले, “छान आहे आज्जी” म्हटले आणि पुन्हा गेममध्ये डोके घातले. त्यावरून घरात वाद झाला. आमच्या वेळचे खेळ मुलांना घडवत होते, असे मामंजी म्हणतात. मीही लहानपणी व्हिडिओ गेम खेळलो, माझे काय बिघडले, असे यजमानांचे म्हणणे. मी दोघांच्या मध्ये सापडले आहे. खेळणी चांगली आणि गेम वाईट, इतके हे सरळ आहे का? आणि मुलाला व्यसन लागले आहे हे ओळखायचे कसे?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर : आपले पत्र वाचून मला आमच्या घरची बैलजोडी आठवली. तिचे नशीब फारसे बरे नव्हते. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी बेंदराच्या दिवशी मातीचे बैल पाटावर बसत, आई त्यांच्या शिंगांत इवलीशी कडबोळी अडकवत असे, पुरणपोळीचा नैवेद्य होई आणि त्यानंतर ते बैल आम्हा भावंडांच्या तावडीत सापडत. दिवेलागणीपर्यंत एकाचे शिंग आणि दुसऱ्याचा पाय गेलेला असे, आणि उरलेसुरले अंगणात विसरले तर पावसाने रात्रीतून त्यांचा पुन्हा चिखल होई. त्याचे आम्हाला काही वाटत नसे, कारण पुढच्या बेंदराला नवी जोडी येणार हे ठरलेले असे. तेव्हा नातवाने बैलांकडे पाठ फिरवली म्हणून सासूबाईंनी ते फार मनाला लावून घेऊ नये. बैलांकडे दुर्लक्ष आम्हीही केले आहे. फक्त त्यांचे शिंग मोडल्यानंतर.

माझे खरे खेळणे म्हणजे बेअरिंगचा गाडा. शिवाजी उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधून निकामी झालेली बेअरिंगे मिळत, अर्थात ओळखीच्या एखाद्या टर्नरकाकांची मर्जी असेल तर. दोन बेअरिंगे मागे आणि एक पुढे, मध्ये खोक्याची फळी, पुढची आडवी पट्टी एका बोल्टवर फिरती ठेवून तिच्या दोन्ही टोकांना बांधलेली दोरी, इतक्यात गाडा तयार होई. उतारावर सोडला की त्याचा खडखडाट असा चाले की दुपारी आडवे झालेले शेजारी काठी घेऊन बाहेर येत. फळी आठवडाभरात चिरफाळे, बोल्ट ढिला होई, एखाद्या बेअरिंगमधल्या गोळ्या रस्त्यावर सांडत आणि मग गाडा चालवण्याचा खेळ थांबून तो दुरुस्त करण्याचा खेळ सुरू होई. त्या गाड्यावर बसण्यात माझा जितका वेळ गेला, त्याच्या चौपट तो जुळवण्यात गेला असेल.

परंतु या गाड्याला आमच्या घरी प्रतिष्ठा होती, असे आपल्या मामंजींनी समजू नये. वडिलांनी तो दोनदा माळ्यावर टाकला होता. ज्या खेळांचे आज गोडवे गायले जातात, त्यांतल्या बहुतेकांवर त्या काळी घरोघरी शिव्या पडत होत्या. गोट्या खेळणारा मुलगा वाया गेला असे खुशाल म्हटले जाई, पतंग म्हणजे हातपाय मोडून घ्यायचा धंदा आणि पत्ते तर उंबऱ्याच्या आत नकोत. गंमत अशी की ज्या निन्टेन्डो कंपनीने पुढे घरोघरी व्हिडिओ गेम पोहोचवले, ती 1889 साली क्योटोमध्ये पत्ते तयार करण्यासाठीच सुरू झाली होती.

आता यजमानांच्या बाजूकडे वळू. त्यांचे वय माझ्याच आसपासचे असेल, तर त्यांनी खेळलेला व्हिडिओ गेम म्हणजे 1983 साली जपानमध्ये आलेल्या फॅमिकॉम या यंत्राची कुठलीतरी स्वस्त नक्कल असणार. आमच्या गल्लीत तो एकाच घरी होता. टीव्हीच्या मागे वायर जोडून चॅनल जुळवायचा, ॲडॉप्टर तापला की थोडा वेळ थांबायचे आणि चित्र नीट आले नाही की कॅसेट काढून तिच्या खालच्या फटीत फुंकर मारायची. फुंकरीने काही होत नव्हते, कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने आतले संपर्क जुळत होते, हे मला फार उशिरा कळले. कॅसेटवर 9999 खेळ असल्याचे छापलेले असे. प्रत्यक्षात चार-पाचच खेळ नावे आणि टप्पे बदलून पुन्हा पुन्हा येत. त्या आकड्याने फसलेल्यांपैकी मी एक आहे आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

त्यातला ‘कॉन्ट्रा’ आपल्या यजमानांना नक्की आठवत असेल. तीन जीव मिळत आणि ते पाच मिनिटांत संपत. मग कोणीतरी वरच्या इयत्तेतला मुलगा कानात गुपित सांगे : सुरुवातीच्या पडद्यावर वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे आणि मग बी व ए ही बटणे दाबली की तीनाचे तीस जीव होतात. ते तीस जीव घेऊन आम्ही दोघे-दोघे बसत असू आणि आठवा टप्पा पार केला की खेळ संपत असे. पडद्यावर स्फोट होई, नावे सरकत आणि त्या घरची काकू “झाले ना? आता घरी जा” असे म्हणे. त्यानंतर खेळण्यासारखे काही उरतच नव्हते. 1984 साली मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी तयार केलेल्या ‘टेट्रिस’चीही तीच गोष्ट. त्याला शेवटचा टप्पा नाही हे खरे, पण विटांचा वेग वाढत जातो आणि खेळ आपल्याला हरवून स्वतःच बाहेर काढतो.

माझ्या मते आपल्या घरातल्या वादाचे मूळ इथे आहे. मामंजींच्या वेळची खेळणी मोडत होती, यजमानांचे जीव संपत होते, म्हणजे दोघांच्याही खेळाला शेवट होता आणि तो शेवट कोणी मोठ्या माणसाने ओरडून आणावा लागत नव्हता. आजच्या मोबाइलवरचे बरेचसे फुकट गेम संपू नयेत अशाच बेताने घडवलेले असतात. जीव संपले तर अर्ध्या तासाने नवा जीव मिळतो, रोज हजेरी लावली तर बक्षीस मिळते, एक दिवस चुकला तर आधीची साखळी तुटते, आणि पेटी उघडल्यावर आत काय निघेल हे आधी कळत नाही. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की माणूस कळ दाबतच राहतो, ही गोष्ट मानसशास्त्राला मोबाइल येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. फुकट गेमचा पैसा मूल पुन्हा पुन्हा परत येण्यावरच उभा असतो. म्हणून यजमानांचे ‘मीही खेळलो’ हे बोलणे खरे असले, तरी ते वेगळ्या वस्तूबद्दल आहे.

याचा अर्थ पडद्यावरचा प्रत्येक खेळ त्याज्य आहे असे मात्र नाही. माझी मुलगी अकरा वर्षांची असताना ठोकळ्यांनी जग उभारण्याच्या ‘माइनक्राफ्ट’मध्ये आठ दिवस पन्हाळ्याचा तीन दरवाजा बांधत होती. सुट्टीत काढलेले फोटो शेजारी ठेवून ती कमानीचे ठोकळे मोजत असे, आणि गोल कमान चौकोनी ठोकळ्यांत बसेना म्हणून ती रडकुंडीला आल्याचे मी पाहिले आहे. त्याच वर्षी दिवाळीत अंगणातल्या किल्ल्याला तिने तशीच कमान विटांची केली आणि ती दोनदा कोसळली. मला या दोन कामांत चांगले-वाईट ठरवता आले नाही. दोन्हीकडे मुलगी काहीतरी बांधत होती, फक्त एकीकडे नखांत माती जात होती आणि तटावर हळीव उगवत होते.

मीही चुकलो आहे, तेही सांगतो. पुढे ती मैत्रिणींबरोबर ऑनलाइन खेळू लागली तेव्हा एका रात्री “पाच मिनिटांत बंद कर” असे तीनदा सांगून चौथ्यांदा मी सरळ वायफाय बंद केले. ती जी रडली, ते मी हट्ट समजून सोडून दिले. दुसऱ्या दिवशी तिने शांतपणे समजावले की ती मॅच मध्येच थांबवता येत नाही, एक डाव वीस-तीस मिनिटे चालतो आणि मध्येच एक जण गायब झाला तर सगळा संघ हरतो. मी शाहू स्टेडियमवर पेठेचा सामना चालू असताना गोलकीपरला मैदानाबाहेर ओढून काढले असते, तर त्याच्या संघाने मला जे म्हटले असते, तेच तिच्या मैत्रिणींनी तिला म्हटले होते. तेव्हापासून आमच्या घरी मिनिटांऐवजी डाव मोजले जातात. “आणखी दोन डाव, मग जेवण” हे तिला पटते, कारण ते खेळाच्याच भाषेत असते. नवा डाव केव्हा सुरू करू नये, हेही तिला आपोआप कळते.

व्यसनाबद्दल आपण विचारले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या वर्गवारीत, जी 2022 च्या जानेवारीपासून लागू झाली, गेमिंगच्या विकाराचा समावेश केला आहे; परंतु त्याची व्याख्या आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच कडक आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, जेवण, झोप, शाळा, मित्र या सगळ्यांपेक्षा खेळ वरचढ होणे आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालू राहणे किंवा वाढणे, या तिन्ही गोष्टी असाव्या लागतात, त्यांनी रोजचे जगणे ठळकपणे बिघडलेले असावे लागते, आणि तेही साधारणपणे बारा महिने. बैलजोडीकडे दुर्लक्ष करणारा मुलगा या व्याख्येत बसत नाही. तो मित्र हाक मारायला आले तरी बाहेर जात नसेल, रात्री पांघरुणात मोबाइल नेत असेल, काढून घेतल्यावर अनेक दिवस कशातच मन रमत नसेल, तर मात्र बारा महिने वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांशी किंवा समुपदेशकांशी बोलावे.

आपण आज करावे असे एकच सुचवतो. मुलाच्या शेजारी बसून त्याला तो गेम आपल्याला शिकवायला सांगा आणि खेळता खेळता पाहा की हा खेळ कुठे थांबतो. थांबण्याची जागा सापडली तर तीच आपल्या घरची वेळ ठरवा. सापडलीच नाही, तर तो गेम काढून टाकून दुसरा शोधायला हरकत नाही, आणि का काढला हे त्याला स्पष्ट सांगावे. दहा वर्षांच्या मुलाला “हा गेम तुला सोडतच नाही” हे वाक्य पुरते कळते. हे मामंजींना शेजारी बसवून केले तर अधिक बरे. हरण्याची मजा त्यांनाही घेऊ द्यावी.

प्रश्न : माळ्यावर माझा जुना व्हिडिओ गेम आणि त्याची बदके मारायची पिस्तूल सापडली. मुलांना दाखवावी म्हणून नव्या टीव्हीला जोडली. चित्र येते, पण एकही बदक पडत नाही. पिस्तूल बिघडली असेल का?
– एक वडील, शाहूपुरी

उत्तर : पिस्तूल बहुधा ठणठणीत आहे. त्या पिस्तुलातून काहीच बाहेर पडत नाही, उलट तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक डोळा आहे. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. नळीला आधी काळोख आणि मग उजेड दिसला तर नेम लागला असे यंत्र धरते. काळोख आधी तपासला जात असल्यामुळे दिव्याकडे नेम धरून फसवणे जमत नाही. आम्ही ते करून पाहिले आहे. हा सगळा हिशेब जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर बसवलेला होता. नव्या पातळ टीव्हीत चित्र थोडे उशिरा उमटते आणि पांढरा चौकोन येईपर्यंत पिस्तुलाची पाहण्याची वेळ टळून जाते. एखाद्या नातेवाइकाकडे जुना टीव्ही असेल तर तो भंगारात जाण्याआधी उचलून आणावा.

प्रश्न : नातवाने माझ्या मोबाइलवरून गेममधल्या बंदुकीचे रंग घेण्यासाठी 3,400 रुपये घालवले. असल्या खेळांवर सरकारने बंदी घातली होती ना?
– एक आजोबा, रंकाळा परिसर

उत्तर : 2025 साली संसदेने केलेला कायदा पैसे लावून, जिंकलेले पैसे मिळण्याच्या आशेने खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांसाठी आहे. गेममधला रंग किंवा कपडा विकत घेणे त्यात येत नाही, कारण तिथे पैसे परत मिळायची आशाच नसते. खरेदी अँड्रॉइड फोनवर झाली असेल आणि 48 तास उलटले नसतील, तर गुगल प्लेवर आजच परताव्याची विनंती करावी. त्यानंतर प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी सोय सेटिंगमध्ये करून घ्यावी, आणि तो पासवर्ड नातवाच्या जन्मतारखेचा ठेवू नये.