लॅपटॉपवर लॉगिन चालतंय, सर्व्हरवर १६९८ एरर, काय बघायचं?

लातूरच्या क्लासचं ॲप, घरी झॅम्पवर (लॅपटॉपवरच सर्व्हर चालवायचं तयार पॅकेज) विद्यार्थ्यांचं लॉगिन नीट चालतंय आन् उबुंटू सर्व्हरवर टाकलं की डेटाबेसच्या रूटला, म्हंजी सगळे हक्क असलेल्या मुख्य खात्याला, १६९८ 'ॲक्सेस डिनाइड' यायलंय म्हणतोस, तर भाऊ कोड सोड, पासवर्डबी सारखा बदलत बसू नको. झॅम्पमधी रूटला पासवर्डच नसतो, पण उबुंटूच्या मायएसक्यूएल डेटाबेसमधी रूट ऑथ सॉकेटवर असतो, म्हंजी सिस्टीमच्या रूटलाच आत घेतो, वेबवाल्या यूजरला नाही, पासवर्ड कितीबी बरोबर दे.

सुडो लावून, म्हंजी सिस्टीमच्या रूटच्या हक्कानं, मायएसक्यूएलमधी जा, ॲपसाठी वेगळा यूजर बनव, ग्रँट, म्हंजी परवानगी, फक्त त्याच डेटाबेसवर दे. पोरांचे मोबाईल नंबर हायेत त्यात, रूट जोडून ठेवणं मला अजिबात पटत नाही.

यूजरचा होस्टबी, म्हंजी कुठल्या मशीनवरनं जोडायची मुभा हाय ते, बघ, 'लोकलहोस्ट'साठी बनवला आन् ॲप दुसऱ्या मशीनवर असंल तर परत नकारच येणार. मग डॉट ईएनव्ही ह्या ॲपच्या सेटिंगच्या फाइलीत नवं नाव-पासवर्ड टाक, ॲप लाराव्हेल फ्रेमवर्कवर असंल आन् कॉन्फिग कॅश (सेटिंगची साठवलेली प्रत) केलेलं असंल तर ते क्लिअर कर, नाहीतर जुनंच वाचत ऱ्हातंय. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर मात्र पासवर्डचा संबंध नाही, सर्व्हिस चालू हाय का आन् पोर्ट ३३०६ च हाय का ते बघ.