काचेत कोंडलेल्या अणुकचऱ्याचे आतल्या आत काय होते?

प्रश्न : तारापूर येथे अणुकचरा वितळलेल्या काचेत मिसळून पोलादी डब्यांत बंद करतात, असे वाचनात आले. हजारो वर्षे आतूनच किरणोत्साराचा मारा होत राहिल्यावर त्या काचेचा भुगा होणार नाही का? त्यापेक्षा एखाद्या रत्नासारखा टणक स्फटिक का वापरत नाहीत?
– एक वाचक, पालघर

उत्तर : भुगा होणार नाही. मात्र काच आतून बदलते हे खरे आहे, आणि तो बदल नेमका कशामुळे होतो हे समजल्याशिवाय आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

पहिली काही शतके कचऱ्यातील बहुतेक उष्णता सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० यांच्यापासून येते. त्यांची अर्धायुष्ये (म्हणजे निम्मे अणू क्षय पावण्यास लागणारा काळ) सुमारे तीस वर्षांची असून त्यांच्या बीटा-क्षयामुळे, म्हणजे केंद्रकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडल्यामुळे, अणू जागचे फारसे हलत नाहीत. परंतु सीझियमचे बेरियम आणि स्ट्रॉन्शियमचे इट्रियममार्गे झिरकोनियम होत असल्याने, वेगळ्या आकाराच्या आणि वेगळ्या विद्युतभाराच्या या नव्या अणूंना रचनेत सामावून घ्यावे लागते.

खरी मोडतोड अल्फा-क्षयाने होते. कचऱ्यातील अमेरिशियम-२४१ चे केंद्रक सुमारे ५५ लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा अल्फा कण, म्हणजे हेलियमचे केंद्रक, बाहेर फेकते, तेव्हा गोळी सुटताच बंदुकीचा दस्ता खांद्यावर आदळावा तसे उरलेले जड केंद्रक उलट दिशेने ढकलले जाते. अल्फा कण वीसेक मायक्रोमीटर जातो, पण आपली बहुतेक ऊर्जा इलेक्ट्रॉनांवर खर्च करून वाटेत काही शेच अणू हलवतो. मागे ढकललेल्या केंद्रकाकडे मात्र जेमतेम ९० हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा असते, ते तीस-चाळीस नॅनोमीटरमध्येच थांबते, आणि तेवढ्या अंतरात हजार-दोन हजार अणू विस्कटून टाकते. मला या विषयातील ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

स्फटिकाचे बळ त्याच्या शिस्तबद्ध मांडणीत असते आणि हा आघात नेमका त्या मांडणीवर होतो. श्रीलंकेत सापडणाऱ्या काही झिरकॉन रत्नांमध्ये निसर्गतःच थोडे युरेनियम असते. कोट्यवधी वर्षांच्या माऱ्याने त्यांपैकी कित्येकांचे बाहेरचे पैलू शाबूत राहतात, पण आतली मांडणी पूर्ण ढासळते. आकारमान सुमारे अठरा टक्क्यांपर्यंत वाढते आणि फुगण्याच्या ताणाने भेगा पडतात. केंब्रिजच्या इयान फार्नन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले की प्लुटोनियमयुक्त झिरकॉनमध्ये प्रत्येक अल्फा-क्षयामागे सुमारे पाच हजार अणू विस्थापित होतात. त्या हिशेबाने १० टक्के प्लुटोनियम-२३९ भरलेला झिरकॉन साधारण १,४०० वर्षांत आपले स्फटिकत्व गमावील, आणि प्लुटोनियमचे अर्धायुष्य आहे २४,१०० वर्षे.

अणुकचऱ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बोरोसिलिकेट (बोरॉनयुक्त) काचेची मांडणी मुळातच अनियमित असल्यामुळे तिच्यापाशी मोडण्यासारखी शिस्तच नसते. तिचे जराजीर्ण रूप लवकर पाहता यावे म्हणून संशोधक तिच्यात क्युरियम-२४४ मिसळतात. त्याचे अर्धायुष्य अवघे अठरा वर्षे असल्याने काही वर्षांतच हजारो वर्षांचा मारा पूर्ण होतो. अशा काचेचे आकारमान साधारण अर्धा-एक टक्काच बदलते, कठीणपणा सुमारे एक-तृतीयांशाने घटतो, पण तडा जाण्यास होणारा विरोध उलट वाढतो, आणि पाण्यात विरघळण्याच्या वेगात लक्षणीय फरक पडत नाही. थांबलेले अल्फा कण इलेक्ट्रॉन मिळवून हेलियम होतात. तो वायूही काचेच्या पोकळ्यांत बराच सामावतो.

म्हणून स्फटिक अगदीच बाद झाले, असे मात्र नाही. केरळच्या किनाऱ्यावरील वाळूतले मोनाझाइट हे खनिज थोरियम बाळगूनही बहुधा स्फटिकरूपच राहते, कारण त्यातील विस्कटलेले अणू तुलनेने कमी तापमानालाही पुन्हा जागेवर येतात. गॅडोलिनियम झिरकोनेट या कृत्रिम स्फटिकी पदार्थामध्ये धातूच्या अणूंनी आपसात जागा बदलल्या तरी स्फटिक टिकतो. त्यामुळे प्लुटोनियमसारख्या दीर्घायुषी, अल्फा सोडणाऱ्या मूलद्रव्यांसाठी अशा पदार्थांवर संशोधन होत आहे, आणि तेथे निवड करताना टणकपणापेक्षा विस्कटलेली मांडणी सावरण्याची क्षमता पाहिली जाते.