कॅन कमरेला, चिवडा डब्यात

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की येलोस्टोन नॅशनल पार्कला ट्रेलवर जाताना बेअर स्प्रे (धावून येणाऱ्या अस्वलावर मारायचा तिखट फवारा) घेतल्याशिवाय गाडीतून उतरू नका, आणि त्या एका वाक्यावर एवढे प्रश्न आले की यावेळचं अख्खं पान अस्वलांनाच देऊन टाकलंय. मी मोंटानात राहते, आठवड्यातून एकदा तरी डोंगरात जाते, त्यामुळे थोडं वाचलेलं आणि बरंचसं फजिती होऊन शिकलेलं असं सांगतेय.

ताई, जुलैत आम्ही चौघं येलोस्टोन आणि ग्रँड टीटनला जातोय. हा स्प्रे ओडोमॉससारखा अंगाला मारायचा असतो का? आणि तंबूवर मारला तर रात्रीची काळजी मिटेल ना? – एक वाचक, नेपरव्हिल

बाप रे, नाही! हसू नका कुणी, हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात येतो आणि खरंच लोकं मुलांच्या जॅकेटवर मारून मोकळे होतात आणि मग अख्खी फॅमिली खोकत बसते. हा स्प्रे म्हणजे मिरचीचा अर्क, आपल्या लवंगीत जे तिखट असतं तेच कॅप्सेसिन, १ ते २ टक्के. कुणी लाल मिरच्यांची फोडणी टाकल्यावर अख्ख्या वाड्याला ठसका लागतो ना, तसा ठसका अस्वलाला द्यायचा, तोही ते अंगावर धावून येत असताना तोंडावर. डोळे मिटतात, श्वास कोंडतो, ते मागे फिरतं आणि काही वेळाने बरंही होतं. म्हणजे तुम्हीही वाचलात आणि अस्वलही. जमिनीवर किंवा सामानावर वाळलेल्या स्प्रेचा वास मात्र अस्वलाला चक्क आवडतो असं दिसलंय, ते येऊन हुंगतं, त्यावर लोळतं. तंबूवर मारणं म्हणजे आमंत्रणच की!

चालतो का, तर हो. टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो वगैरे संशोधकांनी अलास्कातल्या १९८५ ते २००६ मधल्या घटना तपासून २००८ साली छापलं, त्यात स्प्रे मारल्यावर १० पैकी ९ वेळा अस्वल जे करत होतं ते थांबलं, आणि ज्यांच्याकडे स्प्रे होता त्यातल्या ९८ टक्के लोकांना काही झालं नाही.

कॅन बॅगेत वर ठेवला तर चालेल ना? पटकन निघतो. आणि नक्की मारायचा कधी? – एक वाचक, सिअ‍ॅटल

नाही निघत. मीही असंच समजत होते. काही वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं एका वळणावर आलो आणि पुढे उतारावर ग्रिझली, म्हणजे इकडचं मोठं तपकिरी अस्वल, मान खाली घालून मुळं उकरत होती, आमच्यापासून फार तर ४० पावलं. कॅन माझ्या बॅगेच्या बाजूच्या खिशात. माझा हात मागे पोचेना, यांनी माझी चेन उघडायला घेतली तर त्यात पोंचोचं कापड अडकलं, ते ओढतायत, मी कुजबुजत ओरडतेय, आणि या सगळ्या तमाशात तिने एकदा मान वर केली, आमच्याकडे बघितलं आणि परत मुळं उकरायला लागली. आम्ही तोंड तिच्याकडेच ठेवून मागे मागे आलो. कॅन हातात आला तेव्हा आम्ही वळणाच्या पलीकडे होतो.

हिशोब करा, ग्रिझली ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास पळते, म्हणजे ६० फूट अंतर सव्वा सेकंदात संपतं. त्यात कुठली चेन उघडताय? कॅन होल्स्टरमध्ये, कमरेला किंवा छातीच्या पट्ट्यावर, आणि ग्रूपमध्ये एकाकडेच नाही, प्रत्येक मोठ्या माणसाकडे. माझा मोठेपणा म्हणजे त्या दिवशी दोघांत मिळून एकच होता.

मारायची पद्धत: वरची सेफ्टी क्लिप अंगठ्याने मागे ओढायची, एका हातात कॅन, दुसऱ्याने आधार, आणि अस्वल धावत येताना ६० फुटांच्या आसपास आलं की त्याच्या तोंडापेक्षा किंचित खाली धरून २-३ सेकंद दाबायचं, म्हणजे मध्ये एक ढग उभा राहतो आणि ते त्यात घुसतं. नाही थांबलं तर परत मारायचं. अख्खा कॅन साधारण ७ ते ९ सेकंदांत रिकामा होतो, त्यामुळे दूर उभं असलेलं अस्वल बघून उत्साहात उडवू नका. वारा तोंडावर असेल तर थोडं तुम्हालाही मिळणार, तरी मारायचाच. घरी क्लिप लावलेलीच ठेवून होल्स्टरमधून काढायची सवय करा, टीव्ही बघताना १०-२० वेळा. नुसतं पाणी किंवा हवा भरलेले प्रॅक्टिसचे कॅनही मिळतात.

आणि मुळात ती वेळ येऊ नये म्हणून बोलत चला. घुंगरू बांधून फिरू नका, त्या बेअर बेलचा आवाज अस्वलापर्यंत नीट पोचतच नाही. टाळ्या, आरोळ्या, गाणी चालतील. आमच्याकडे वळण आलं की हे गणपतीच्या आरतीतलं एक कडवं म्हणतात, भसाड्या आवाजात, अजून एकही अस्वल जवळ आलेलं नाही 😀

आम्ही कॅलिफोर्नियातून विमानाने येणार, घरून कॅन आणू का? नंतर योसेमिटीलाही तोच वापरू. – एक वाचक, सॅन होजे

दोन्हीकडे नाही. विमानात बेअर स्प्रे केबिन बॅगेतही नाही आणि चेक-इनमध्येही नाही. इथे उतरल्यावर घ्या, येलोस्टोनमध्ये भाड्यानेही मिळतो. घेताना डब्यावर "बेअर" लिहिलेलं बघा, पर्समधला पेपर स्प्रे नको, त्याची धार बारीक आणि जेमतेम काही फूट जाणारी. योसेमिटीत, म्हणजे तुमच्या कॅलिफोर्नियातल्या पार्कमध्ये, तर बेअर स्प्रे नेणंच नियमाविरुद्ध आहे. तिथे फक्त काळी अस्वलं, ग्रिझली नाहीत, आणि त्यांचा सगळा डोळा तुमच्या खाऊवर. आणि एक, कॅन उन्हात गाडीत ठेवून जाऊ नका, ५० डिग्रीला पोचला की फुटू शकतो आणि बंद गाडीत हे काय होईल सांगायला नको.

आई-बाबा पुण्याहून आलेत, त्यांनी चिवडा, लाडू आणि लोणच्याची बरणी आणलीय. तंबूत ठेवलं तर काय होतं, पॅक तर आहे? – एक वाचक, डेन्व्हर

काय होतं म्हणजे, रात्री वास येतो आणि तो बघायला कोण येतं ते कळतं. अस्वलाच्या नाकाला झिपलॉक वगैरे काही नसतं हो. चिवडा-लोणचंच काय, टूथपेस्ट, क्रीम, कचऱ्याची पिशवी, आईंचं खोबरेल तेल, सगळं बाहेर. येलोस्टोनच्या कॅम्पग्राउंडवर हे बंद गाडीत किंवा लोखंडी बेअर बॉक्समध्ये चालतं, पण योसेमिटीत अंधार पडल्यावर गाडीतही नाही, तिथली अस्वलं गाडीचं दार वाकवून आत शिरतात. गाडी सोडून आत जंगलात मुक्काम असेल तर स्वयंपाक तंबूपासून १०० यार्ड लांब, आणि खाणं दोरीने झाडावर जमिनीपासून १० फूट वर, खोडापासून ४ फूट लांब, नाहीतर बेअर कॅनिस्टर, म्हणजे अस्वलाला उघडता न येणारा डबा. फोडणीच्या कपड्यांत झोपू नका, ते बदलून तेही डब्यात. स्प्रेचा कॅन मात्र उशाशी.

समजा स्प्रे मारायला वेळच नाही मिळाला तर? – त्याच वाचक

पळायचं नाही, हे पहिलं. ग्रिझली अचानक दचकून अंगावर आली आणि खरंच हात लावला तर पालथं पडून मानेवर हात, पाठीवर बॅग तशीच, हालचाल बंद. काळं अस्वल असेल तर उलट, जे हाताला लागेल त्याने तोंडावर मारायचं. रात्री तंबूत शिरलेलं कुठलंही अस्वल असो, झुंज द्यायची. आणि रंगावर जाऊ नका, काळं अस्वल तपकिरीही असतं, खांद्यावर मदार दिसली तर ग्रिझली.

ताई, आम्ही बुलढाण्याचे, ज्ञानगंगा अभयारण्याच्या बाजूला गाव आहे, मोहाच्या दिवसांत आमच्याकडेही अस्वलं असतात. इथे हा स्प्रे मागवावा का? – एक वाचक, बुलढाणा

तुमचा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला कारण अस्वल म्हटलं की आपण अमेरिका बघतो. आपलं अस्वल वेगळं, वाळवी आणि मोह खाणारं, पण चिडलं तर सरळ तोंडावर येतं. कॅन इथून पाठवता येणार नाही (विमानाचं वर लिहिलंच), आणि मोह वेचताना वाकलेल्या माणसाचे दोन्ही हात गुंतलेले असतात, कमरेचा कॅन काढेपर्यंत ते अंगावर पोचलेलं असेल. त्यापेक्षा उजाडल्याशिवाय झाडाखाली जाऊ नका, एकट्याने जाऊ नका, आणि जाताना मोठ्याने बोलत जा, अस्वल खाण्यात गुंग असतं आणि दचकून हल्ला करतं. आई आणि पाठीवर पिल्लू दिसलं तर त्या दिवशीचा मोह तिचा.

कॅनवर तारीख संपलीय, फेकून देऊ? – एक वाचक, मिनियापोलिस

साधारण ३-४ वर्षांनी आतला गॅसचा दाब कमी होतो, मग लांब जात नाही. कचऱ्यात नका टाकू. लांब मोकळ्या माळावर, वाऱ्याकडे पाठ करून उडवून बघा, फवारा कसा जातो ते कळतं. माळावर म्हणतेय, कारण आमच्या यांनी "अजून चालतो का बघू" म्हणून गॅरेजमध्ये एक सेकंद दाबला होता. चार तास घराबाहेर, पोळ्या शेजारणीकडे, कपडे तीनदा धुतले. गॅरेजच्या दारावर तो नारिंगी डाग अजून आहे.