टेस्ट हिरव्या, चेकआउट आडवं

प्रश्न : ताई नमस्कार, आमचं छोटं ऑनलाइन दुकान आहे, कोड पायथॉनमध्ये. डिलिव्हरी चार्ज किती ते कुरियरवाल्यांच्या वेब सर्व्हिसला पिनकोड पाठवून विचारतो. आधी टेस्ट थेट त्यांच्या सर्व्हरवर जायच्या, तो झोपला की आमच्या टेस्ट लाल (नापास) आणि रिलीज अडकला. म्हणून सगळं मॉक केलं, म्हणजे त्यांच्या सर्व्हरच्या जागी ठरलेलं खोटं उत्तर ठेवलं, टेस्ट हिरव्यागार (पास), आणि लाइव्ह गेल्यावर पहिल्याच ऑर्डरला चेकआउट आपटलं, कारण ते चार्ज स्ट्रिंगमध्ये, म्हणजे मजकूर म्हणून पाठवतात, "४५.००" असा, आणि मी मॉकमध्ये नुसता ४५ आकडा ठेवला होता. मग टेस्ट लिहून उपयोग काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : उपयोग आहे हो, पण तुमच्या मॉकने तुमचीच समजूत तुम्हाला परत ऐकवली. आपण घालू तेच त्यातून बाहेर येणार. म्हणून आधी खऱ्या सर्व्हिसला एकदा हाताने कॉल करा, जे उत्तर येईल ते जसंच्या तसं जेसन फाइलमध्ये (JSON, वेब सर्व्हिस ज्या मजकूर-स्वरूपात माहिती पाठवतात ते) ठेवा (सर्व्हिसची गुप्त 'की' आणि गिऱ्हाइकाचा फोन नंबर तेवढा काढा) आणि टेस्टला तेच द्या.

दुसरं म्हणजे, रिक्वेस्ट्सचा (पायथॉनमधून वेब सर्व्हिसला विचारणा करणारी लायब्ररी) कॉल कोडभर विखुरलेला असणार, माझा अंदाज. तो एका छोट्या क्लासमध्ये कोंडा, त्याला पिनकोड दिला की चार्ज रुपयात मिळाला पाहिजे, यूआरएल, टाइमआउट, स्ट्रिंगचा आकडा करणं सगळी भानगड आतच. मग कार्टच्या टेस्टमध्ये त्या जागी दहा ओळींचा खोटा क्लास ठेवायचा जो कायम ४५ सांगतो, नेटचा संबंधच नाही. जेसन फाइल लागते फक्त त्या एका क्लासच्या टेस्टला.

आणि तिथे वाईट दिवस तपासा. रिक्वेस्ट्सला टाइमआउट सांगितला नाही तर तो स्वतःहून लावत नाही, समोरचा गप्प बसला की आपणही ताटकळत बसतो. ५०३, म्हणजे 'सर्व्हिस सध्या उपलब्ध नाही' असा कोड आला तर काय? आणि सगळ्यात बेरकी प्रकार, स्टेटस २०० (सगळं ठीक) पण आत जेसनऐवजी 'मेंटेनन्स सुरू आहे' असं एचटीएमएल पान! अशा वेळी गिऱ्हाइकाला ठरावीक चार्ज दाखवायचा की ऑर्डरच थांबवायची हे दुकानाच्या मालकाला विचारा, तो निर्णय तुमचा नाही.

पॅच (टेस्टपुरतं एखादं फंक्शन खोट्याने बदलणं) वापरत असाल तर एक खड्डा सांगते, मी स्वतः यात अख्खी दुपार घालवलीय. तुमच्या फाइलमध्ये 'फ्रॉम रिक्वेस्ट्स इम्पोर्ट गेट' असेल तर मूळ रिक्वेस्ट्समधलं गेट पॅच करून काही होत नाही, तुमच्या फाइलमधलं गेट पॅच करावं लागतं, नाहीतर टेस्ट गुपचूप खऱ्या सर्व्हरवर जाते.

कुरियरवाल्यांच्या सँडबॉक्सवर (चाचणीसाठीचा वेगळा सर्व्हर) जाणारी एखादी टेस्ट मात्र ठेवा, पण वेगळी, रात्री चालणारी. ती लाल झाली म्हणून रिलीज अडवू नका, सकाळी चहा घेताना बघा, त्यांनी खरंच काही बदललं असेल तर जेसन फाइल नवीन भरा.