आईंना ते प्रकरण वाचून दाखवा

प्रिय भगिनी,

धाकटा भाऊ अपघातात गेल्यापासून झोप लागत नाही म्हणून तुम्ही इंग्रजीतला ख्रिस्ती लेखक सी. एस. लुईस आणि रशियन कादंबरीकार दोस्तोयव्हस्की वाचू लागलात. दोस्तोयव्हस्कीच्या ‘द ब्रदर्स कारामाझोव्ह’ या कादंबरीतला देवाशी भांडणारा इव्हान कारामाझोव्ह आणि देवाला शरण गेलेला वृद्ध साधू झोसिमा हे दोघेही खरे वाटतात, म्हणजे आपण ढोंग करतो आहोत की काय, असे तुम्ही विचारता. शिवाय उशाशी ख्रिस्ती पुस्तके पाहून आई ‘घरचा देव सोडणार आहेस का?’ म्हणतात आणि दिवसदिवस अबोला धरतात.

ढोंगाची शंका प्रथम मनातून काढून टाका. निरपराध मुलांच्या यातनांवर उभे राहणारे सौख्य मला नको, त्याचे तिकीट मी परत करतो, असे म्हणणाऱ्या इव्हानच्या तोंडी दोस्तोयव्हस्कीने इतके बळकट युक्तिवाद घातले, की झोसिमाचे प्रकरण त्यांना पुरे पडेल की नाही याची त्यालाच धास्ती होती. हे उत्तर मुद्द्याला मुद्दा असे नाही, ते चित्ररूपाने दिलेले आहे, असे त्याने १८७९ साली पोबेदोनोस्त्सेव्ह या रशियन सरकारातल्या परिचिताला पत्रातून कळवले होते. श्रद्धावान लेखकाला जे दोन्ही आवाज एकाच कादंबरीत ठेवावे लागले, ते तुमच्या मनात एकत्र नांदत असतील तर त्यात अप्रामाणिक काहीच नाही.

लुईसच्या ‘द प्रॉब्लेम ऑफ पेन’चा तुम्हांला राग आला, हेही स्वाभाविक आहे, १९४० सालचे ते पुस्तक दुःखाचा तर्काने विचार करते आणि ताज्या शोकात तर्क बोचतो. पत्नी १९६० साली कर्करोगाने गेल्यावर त्याच लुईसने जे लिहिले आणि पुढल्या वर्षी टोपणनावाने ‘अ ग्रीफ ऑब्झर्व्ह्ड’ म्हणून छापले, ते आता वाचा. त्यात देवाने तोंडावर दार लावून घेतल्याची उघड तक्रार आहे.

आईंच्या भीतीला आपल्याकडे जुना इतिहास आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाईंच्या संसाराची काय दशा झाली, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना ठाऊक आहे. म्हणून आईंना अडाणी ठरवू नका. तुमच्या पत्रात धर्मांतराचा विचार कुठे दिसत नाही. तो नसेल, तर तसे त्यांना स्पष्ट सांगा. मला मात्र दुसरीच गोष्ट खुपली. भाऊ गेल्याचे दुःख तुमच्या पत्रात ओळीओळीला आहे, पण त्याच घरात एका आईचा मुलगा गेला आहे, याचा उल्लेख एकदाही आलेला नाही.

१८७८ च्या मे महिन्यात दोस्तोयव्हस्कीचा मुलगा अल्योशा, तीन वर्षांचाही झालेला नसताना, अपस्माराच्या झटक्याने गेला. त्या उन्हाळ्यात दोस्तोयव्हस्की रशियातल्या ऑप्तिना मठात अम्ब्रोसी या साधूला भेटला आणि तिथे ऐकलेले सांत्वन कादंबरीतल्या झोसिमाच्या तोंडी आले, असे त्याच्या पत्नीने आठवणींत नोंदवले आहे. मुलगा गमावलेली एक शेतकरी बाई घरदार सोडून मठामठांतून हिंडते आहे; त्याची पावले खोलीत पुन्हा एकदा ऐकू यावीत, एवढेच तिचे मागणे. मूल देवदूतांबरोबर आहे, असे झोसिमा प्रथम सांगतो. हे तर नवराही सांगत होता, असे ती म्हणते. तेव्हा तो समजूत घालणे सोडतो, तू रड, सांत्वन करून घेऊ नकोस असे म्हणतो, आणि शेवटी तिला नवऱ्याकडे परत पाठवतो, कारण त्या दुःखात तिने त्याला एकटे टाकले आहे.

हा प्रसंग मोजक्या पानांचा आहे. एखाद्या दुपारी त्याचे मराठी करीत, अडखळत का होईना, तो आईंना वाचून दाखवा. त्या मध्येच तुमच्या भावाविषयी बोलू लागल्या, तर पुस्तक बाजूला ठेवा आणि त्यांना बोलू द्या. उठून गेल्या तर आग्रह धरू नका, पण दार लावून पुन्हा वाचत बसू नका. झोपेसाठी मात्र डॉक्टरांना लवकर भेटा आणि जाताना आईंनाही बरोबर न्या, कारण त्याही रात्र रात्र जाग्या असतील असे मला वाटते.